उजवीकडे बस गा

आजवर मी जेवढ्या थापा मारल्या त्या एकावर एक रचल्या, तर प्रताप नगरातून सकाळी चढायला लागलेला माणूस संध्याकाळपर्यंत ढगात पोहोचेल. त्यातल्या निम्म्या थापा एकाच माणसाबद्दलच्या. माझे घरमालक. ते खाली राहायचे, मी वर. सगळी कॉलनी त्यांना मोनोकाका म्हणायची. हे नाव मीच पाडलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. आता नाही.

काकांची उंची साडेपाच फूट. मी लोकांना सहा सांगायचो. शहराबाहेरच्या वीजकेंद्रात त्यांनी जन्म काढला, टर्बाइनवर. तिथं मशीनच्या पोटात काय दुखतंय हे कळायला म्हणे एक हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, असायचा. टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला. काकांनी मूठ कानाला लावली की साहेब लोक श्वास रोखून उभे. मग काका म्हणायचे, "तिसरं बेअरिंग कुरकुर करून राहिलं. आठ दिवस चालते, मंग सुट्टी मागते." आणि नवव्या दिवशी खरंच. यात माझी भर फक्त 'नवव्या दिवशी' एवढीच. बाकी खरं आहे, त्यांच्या जुन्या सोबत्यांनी सांगितलेलं.

सांगायचा मुद्दा असा की या माणसाकडं मिरवावं असं दुसरं काही नव्हतं. घर साधं, स्कूटर तीन किकांत सुरू होणारी, मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला. पण कान! त्या कानाला शहरात तोड नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि लोकांनाही ठाऊक असावं अशी त्यांची फार इच्छा होती. ती इच्छा पुरवायला वरच्या मजल्यावर मी होतोच.

वीजकेंद्राच्या उभारणीच्या काळात एक गोरा इंजिनिअर तिथं राहून गेला. जाताना त्यानं एक रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि तबकडीचं यंत्र एकाच लाकडी पेटीत, आणि एकतीस तबकड्या काकांच्या गळ्यात घातल्या. सगळ्या विलायती. लांब केसांची पोरं, गिटारी, ढोल, आरडाओरडा. काकांना त्यातला इंग्रजी शब्द एक कळत नसे. पण त्यांनी त्या तबकड्या पन्नास वर्षं इतक्या वेळा लावल्या, की कोणत्या ओळीच्या आधी गाणारा श्वास घेतो आणि कोणत्या जागी ढोलवाल्याची खुर्ची करकरते हे त्यांना पाठ होतं. खुर्ची मी स्वतः ऐकलीय. काकांनी बोट वर करून दाखवल्यावर ऐकू आली, त्याआधी नाही.

"हे मोनो हाये," ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले. भाड्याबद्दल बोलायला गेलो होतो, ते राहूनच गेलं. "मोनो म्हंजे काय समजते का तुले?"

मी सीताबर्डीवरच्या एका दुकानात स्पीकर, होम थिएटर, हेडफोन विकायचो. मला समजत नसेल तर कोणाला समजणार? पण मी मान हलवली. माणूस खुलतो.

"एका खोलीत पाच जन हायेत. सगळे एकाच दारातून भायेर येऊन राहिले, खांद्याले खांदा लावून. हे मोनो. अन् स्टिरिओ म्हंजे वाटनी झाली. गिटार मोठ्या भावाले, गानारा लहान्या भावाले. हा इकडच्या स्पीकरात, तो तिकडच्या. मधात भिंत. आता सांग, घरात मजा राहीन काय?"

"आणि रिमास्टर?" मी आपलं विचारलं. नव्या कंपन्या तीच जुनी गाणी घासूनपुसून परत विकतात, ते दुकानात आम्ही रोज सांगायचो. खरखर गेली, आवाज मोठा झाला, घेऊन जा.

काकांनी काकूंना हाक मारली. "अवं, दोन संत्री आन वं. एक बजारातलं, एक भाऊच्या बगीच्यातलं."

काकूंचा भाऊ नरखेडकडचा, संत्र्याच्या बागेवाला. काकूंनी दोन संत्री आणून ठेवली. बाजारातलं असं चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. भावाकडचं मळकट, एका बाजूला डाग.

"हे चमकते ते मेन लावल्यानं. दूर गावाले जाच असन तं लावतेत, त्याच्यात गैर काई नाई. पन नख लावून पाय. वास आला? नाई येत. पयले मेन येते बोटाले. रिमास्टर म्हंजे मेन लावलेलं संत्र हाये बेटा. सगळे वाद्यं एकाच उंचीवर आनून ठेवले, सगळेच बोंबलून राहिले. मंग हळू कोन बोलन?"

आता मोबाइलवर बोट ठेवलं की जगातलं कुठलंही गाणं, घासलेलं, धुतलेलं, हात जोडून उभं राहतं. पण हळू बोलणारा माणूस कुठं गेला हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. गिऱ्हाइकांना मी तो सांगत नाही.

काकांच्या काही रीती होत्या. व्हरांड्यात त्यांची वेताची खुर्ची डाव्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. पाहुण्यासाठी स्टूल तिच्या उजव्या हाताला. कोणी कौतुकानं डाव्या बाजूनं वाकून बोलायला गेला की काका मख्ख. मग हात हलवून म्हणायचे, "उजवीकडे बस गा." सकाळी फिरायला निघाले की सोबत्यानं उजवीकडून चालायचं. डावीकडून चालणारा माणूस चौकापर्यंत एकटाच बोलत जायचा. माझ्या स्कूटरवर मागं कधी बसले नाहीत. वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही म्हणून. रेडिओग्रामच्या समोर नीट तोंड करून बसायचे नाहीत, उजवा खांदा पुढं. मी कॉलनीत सांगत सुटलो, की काकांच्या उजव्या कानाचा सरकारनं विमा उतरवून दिलाय, म्हणून ते त्यालाच काम देतात, डावा राखीव आहे. लोक हसायचे. काकाही हसायचे, जरा उशिरा.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चार वर्षं होतं. आवाज विकून पोट भरणारा माणूस मी.

मग काकांच्या पंच्याहत्तरीला मुलीनं बेंगळुरूहून एक जाडजूड खोका पाठवला. त्या एकतिसांमधल्या सगळ्यात लाडक्या तबकडीची नवी आवृत्ती. रिमास्टर, स्टिरिओ, वर सोनेरी अक्षरं, आत फोटोंचं पुस्तक. काकांनी ती रेडिओग्रामवर लावली. त्या पेटीला भोंगा एकच, त्यामुळं नवी तबकडीही तिथं एकाच तोंडानं बोलायची. काकांनी अर्धं गाणं ऐकलं आणि पोरीला फोनवर म्हणाले, "लय सुंदर हाये. लय." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "मेन लावलं बे."

मी म्हटलं, "काका, डोळे मिटून ओळखाल?"

"लाव."

मी पडदा ओढला आणि पडद्याआड तबकड्या अदलाबदल करत बसलो. जुनी, नवी, नवी, जुनी. दहा वेळा केलं. दहाही वेळा बरोबर. एकदा तर सुई टेकायच्या आधीच म्हणाले, "नवी. ठेवताना जड वाजली." हे अगदी खरं आहे, आईशपथ. दुसऱ्या दिवसापासून मी दहाचे शंभर केले. आठवड्यात पाचशे झाले. पानठेल्यावर लोक मला विचारू लागले, की काका भिंतीपलीकडूनही ओळखतात का. मी म्हटलं, भिंतीपलीकडून? न्हाणीघरातून ओळखतात, डोक्यावर पाणी ओतत असताना.

कॉलनीत एक वाचनालय आहे. त्याच्या वाढदिवसाला दर वर्षी रविवारी सकाळी समाजभवनात कार्यक्रम, तर्री-पोहे आणि कोणाचं तरी भाषण. सचिवांना भाषणाचा कंटाळा आला होता, श्रोत्यांना तर कधीचाच. मी म्हटलं, या वर्षी मोनोकाकांचा कान ठेवा. जुनं आणि नवं, ओळखून दाखवतील.

काकांना सांगितलं तेव्हा ते आधी लाजले. मग म्हणाले, "माही पेटी न्या लागन."

"पेटी कशाला? हॉलमध्ये आवाज घुमतो, तुम्हाला नीट ऐकू नाही येणार. मी दुकानातला भारी हेडफोन आणतो, बाहेरचा आवाज दाबणारा. तुम्ही हेडफोनवर, लोक स्पीकरवर. एकदम झकास!"

काकांचं तोंड उतरलं. "कानाले टोपी घालून गानं आयकते काय कोनी? पेटीच नेऊ."

"पेटी दोन माणसांना उचलत नाही, काका."

"मंग राहू दे कार्यक्रम."

"आता कसा राहील? सगळ्यांना सांगून झालंय. तुमची मुलगी फोनवरून पाहणार आहे."

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग काकांकडं. काहीतरी म्हणणार होत्या. काकांनी त्यांच्याकडं न बघता हात वर केला आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, माणूस भाव खातोय. मी तिथल्या तिथं घड्याळ पाहिलं, मला घाई होती.

रविवारी हॉल भरला होता. साठ-सत्तर माणसं असतील. बघा, इथं मी वाढवत नाही, पाचशे सहज म्हटलं असतं. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. काकू पहिल्या रांगेत. सचिवांच्या हातात मुलीला दाखवायला फोन. मी माइक घेऊन काकांची अशी ओळख करून दिली, की शेवटी मलाच घाम फुटला. मग त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि पहिलं गाणं लावलं. जुनं, मोनो.

दोन सेकंद. काकांचा चेहरा उजळला. "हे जुनं. हे आपलं."

टाळ्या पडल्या. मी तेच गाणं लावलं, रिमास्टर, स्टिरिओ. हॉलमधल्या स्पीकरातून गाणारा छाती फोडून गाऊ लागला.

काका बसल्या जागी हलले. हेडफोन हातानं दाबून धरला. कपाळावर आठी आली.

"काका?" मी माइकवरून.

"हे अपुरं हाये," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"याच्यात गानारा कुठं हाये?"

आणि वर स्पीकरमध्ये गाणारा केकाटतोय! मागच्या रांगेतून आवाज आला, "काका, तो पोहे खायला गेला!" हॉल फुटला. काकांनी इकडंतिकडं पाहिलं, सगळे कशाला हसतायत ते कळेना. मला वाटलं वायर सैल असेल. मी हेडफोन काढला, स्वतःच्या कानाला लावून पाहिला. ठीक होता. परत काकांच्या डोक्यावर चढवला, घाईत उलटा. डाव्याचा उजव्याला.

"आता?"

काकांचा जीव भांड्यात पडला. "आता आला. हा पाय, आता गाऊन राहिला." मग परत आठी. "पन आता गिटार काढून टाकली बे यायनं!"

लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. आणि मला त्याच क्षणी कळलं.

इथं मला थापेबाज म्हणणाऱ्यांनी थांबून ऐकावं. मला नंतर कळलं नाही. कोणी सांगितल्यावर कळलं नाही. त्याच क्षणी कळलं. त्या गाण्यात गाणारा पूर्ण डावीकडं होता, गिटार पूर्ण उजवीकडं. हेडफोन फिरवला की बाजू बदलते. दोन्ही वेळा ज्याला फक्त उजव्या कानावर आलेलं ऐकू येतं, त्याला डावा कान नाही. स्टूल, सकाळचं फिरणं, स्कूटर, उजवा खांदा, उशिराचं हसणं, सगळं एका झटक्यात जागेवर बसलं. मी हेडफोन विकतो. मला दुसरं काही येत नाही, पण एवढं येतं.

मी म्हणू शकलो असतो, वायर खराब आहे. मंडळी, माफ करा, दोष मशीनचा आहे. नऊ शब्द. थाप मारायला जन्मभर तोंड सुरू असलेल्या माणसाला त्या एका वेळी एक थाप सुचू नये?

पण हॉल हसत होता. माझ्या कार्यक्रमाला हसत होता. असा हशा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि अजून एक वाक्य टाकलं तर छप्पर उडेल हे मला दिसत होतं. मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "मंडळी, काकांच्या कानात एका वेळी एकच माणूस मावतो!"

छप्पर उडालं.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं, की मला कळलंय. मग त्यांनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली, टेबलावर हळूच ठेवला. दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. पोहे न खाता ते चालू लागले. काकू उठून त्यांच्या उजवीकडून चालल्या.

चार दिवसांनी काका बाहेर गेलेले बघून काकू वर आल्या. बसल्या नाहीत.

"सात वर्साचे होते, गालगुंड झाले. तवाचा तो कान गेला. लग्नाले बारा वर्सं झाल्यावर मले सांगतलं त्यायनं. पोरीले अजून मालूम नाई. एका कानाचा मानूस हाये असं समजलं असतं, तं त्यायले मशीनपाशी कोनी उभं केलं असतं काय?" काकूंनी पदर नीट केला. "एकाच कानावर त्यायनं दोन कानवाल्याईचे काम केले. अन् तू..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. जाताना दारातून म्हणाल्या, "मी सांगतलं म्हनून बोलू नोको."

पुढच्या रविवारी मी खाली गेलो. माफी पाठ करून गेलो होतो, हे कबूल करतो. काका व्हरांड्यात होते. पण खुर्ची कोपऱ्यातून हलली होती, पार उजव्या भिंतीपर्यंत. स्टूल डाव्या हाताला होतं. उजवीकडं, खुर्ची आणि भिंतीच्या मधे, मुलीनं पाठवलेला तो सोनेरी खोका ठेवला होता, परत प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

"ये गा," काका हसून म्हणाले. "बस. डावीकडे बस."

मी बसलो. मी बोलायला लागलो. पंधरा मिनिटं बोललो, आणि त्यात एक शब्द वाढवलेला नव्हता. मला कळलं होतं, मी थांबू शकत होतो, हशासाठी थांबलो नाही, सगळं सांगितलं. त्यांच्या डाव्या कानापासून एक हातावर. काका समोर रस्त्याकडं बघत मान हलवत होते, अगदी बरोबर जागी, दुसऱ्याच्या बोलण्याला हलवतात तशी. मी थांबलो तेव्हा ते म्हणाले, "यंदा संत्र्याचा आंबिया बहार चांगला हाये म्हनते भाऊ. चहा घेशीन?"

मोठ्यानं ओरडून सांगता आलं असतं. रस्त्यावरून माणसं जात होती. काकू आत होत्या. ओरडून माफी मागायची म्हणजे त्यांचा बहिरेपणा परत एकदा चौकात जाहीर करायचा. त्यांनी बरोबर जागा निवडली होती. मी चहा घेतला.

त्यानंतर रेडिओग्राम मी कधी ऐकला नाही. झाकणावर काकूंनी विणलेलं कापड आलं, त्यावर फुलदाणी. काका भेटायचे, हसायचे, भाडं वाढवलं नाही, दिवाळीचा फराळ वर पाठवायचे. आणि प्रत्येक वेळी, "डावीकडे बस." दोन वर्षांनी मी घर बदललं, तरी येत राहिलो. त्या कानाशी मी किती बोललो असेन! माझं अर्धं आयुष्य त्या कानात पडून आहे, आणि तिथून एक शब्द कोणाला कळणार नाही.

मागच्या हिवाळ्यात काका अंथरुणाला खिळले. मी गेलो. पलंग भिंतीला लावलेला, उजवी बाजू भिंतीकडं. खुर्ची कुठं ठेवायची हे आता कोणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी मी काहीच बोललो नाही. नुसता बसलो. असा मी कधी बसत नाही, डॉक्टर सुद्धा काळजीत पडतील.

बऱ्याच वेळानं काकांनी डोळे उघडले. "बोलत काहून नाई गा?"

मी खांदे उडवले.

"बोल. तुह्यं तोंड हालते ते पाहाले बरं वाटते." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "फेक एखादी. मोठी फेक."

मी वाकलो. त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "काका, मला त्या दिवशी कळलं होतं. बोलायच्या आधीच कळलं होतं. तरी मी ते बोललो."

काका डोळे तिरपे करून माझ्या ओठांकडं बघत होते. मग खदखदून हसू लागले, खोकला येईपर्यंत हसले. पांघरुणातून हात काढून त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली.

"लय फेकतो बे तू," ते म्हणाले.